खडकवासल्याच्या खाली राहताना

आमच्या घरात काळाचे दोनच भाग आहेत. 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर'. पितळेचा मोठा डबा कधीचा? पानशेतच्या आधीचा. आजीच्या लहानपणीचा एकही फोटो का नाही? पानशेतमध्ये गेले. नारायण पेठेत वाढलेली आजी सहकारनगरला कशी आली? पानशेतनंतर. लहानपणी मला वाटायचं, पानशेत हे एखाद्या तापट नातेवाइकाचं नाव असावं.

आजी आता ऐंशीची आहे. जुलै लागला की रोज संध्याकाळी तिचा एक प्रश्न ठरलेला असतो, "आज किती सोडलंय गं?" मी मोबाइलवर बघून आकडा सांगते. चार हजार क्युसेक. अकरा हजार क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे मला गुगल करावं लागलं होतं. तिला आकडा ऐकूनच कळतं, भिडे पूल पाण्याखाली गेला असेल की नाही.

मी सिंहगड रस्त्यावर राहते आणि सॉफ्टवेअर लिहिते. रविवारी सगळं पुणं जातं तशी मीही खडकवासला चौपाटीवर जाते. भाजलेलं कणीस, कांदाभजी, चहा. सगळे पाण्याकडे तोंड करून फोटो काढतात. फोटोत पाणी येतं, ढग येतात, लांबचे डोंगर येतात. ज्या भिंतीमुळे हे पाणी इथे थांबलंय, ती भिंत सहसा फोटोत येत नाही. ती दीडशेच्या घरातली आहे. तिचं काय चाललंय, असं एकदा मनात आलं आणि मग मी वाचतच गेले.

दुष्काळासाठी बांधलेली भिंत

खडकवासल्याची पहिली गंमत म्हणजे हे धरण पूर अडवण्यासाठी बांधलेलंच नाही. ते दुष्काळासाठी बांधलं.

पुण्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेला, दौंडच्या बाजूला, पावसाची वाट बघत बसावं लागतं. मधे मुठा नदी. पश्चिमेचं पाणी अडवून पूर्वेला न्यायचं आणि जाता जाता पुणे आणि खडकीच्या छावण्यांनाही पुरवायचं, अशी ती योजना. ती उभी केली रॉयल इंजिनिअर्समधल्या कर्नल फाइफ यांनी. १८६९ मध्ये काम सुरू झालं आणि १८७९ मध्ये पुरं झालं. ते चालू असतानाच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर येऊन गेला. तलावाला तेव्हा 'लेक फाइफ' म्हणत.

भिंत दगडाची, चुन्यात बांधलेली. लांबी जवळजवळ एक मैल, उंची शंभर फुटांच्या आसपास. अशा धरणाला 'गुरुत्व धरण' म्हणतात. तत्त्व साधं आहे. पाणी ढकलतं आणि भिंत आपल्या वजनाच्या जोरावर बसून राहते. बाकी काही नाही.

पण पाण्याचं ढकलणं साधं नसतं. खोली दुप्पट झाली की भिंतीवरचा एकूण जोर चौपट होतो. म्हणून भिंत खाली जाडजूड आणि वर निमुळती असते. किती जाड, हे गणित त्या काळात नुकतंच मांडलं जात होतं. त्यात एक गोष्ट धरलेली नव्हती. पाणी भिंतीला फक्त समोरून ढकलत नाही, ते दगडांच्या सांध्यांत आणि पायाच्या भेगांत शिरून भिंतीला खालून वरही उचलतं. म्हणजे जे वजन भिंतीचा आधार, तेच थोडं हलकं करतं. १८९५ मध्ये फ्रान्समधलं बूझे धरण फुटलं, माणसं मेली, आणि त्यानंतर हा उचल दाब हिशोबात नीट घ्यायला सुरुवात झाली. तोवर आमची भिंत सोळा वर्षांची झाली होती.

म्हणजे फाइफसाहेब चुकले असं नाही. त्या वेळी जे माहीत होतं त्यावर त्यांनी भिंत बांधली. आमच्या धंद्यातही असंच असतं. जुना प्रोग्रॅम वाईट नसतो, तो त्याच्या काळातल्या गृहीतकांवर उभा असतो. गृहीतकं बदलली तरी प्रोग्रॅम चालू राहतो, आणि चालतोय म्हणून कुणी उघडून बघत नाही.

राखीव जागा

पुढचा बदल एका फार हुशार माणसानं केला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत, पुण्यात होते. त्यांनी एक गोष्ट पाहिली. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. मोठ्या पुरात तर ते सांडव्याच्या माथ्यावरून कित्येक फूट उंचीनं जायचं. म्हणजे भिंत तेवढी उंच होती, पण वरचे ते काही फूट वर्षातले थोडेच दिवस वापरात यायचे. बाकी वेळ रिकामे.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. १९०३ मध्ये खडकवासल्यावर ते पहिल्यांदा लागले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दरवाजे आपोआप उघडायचे, पूर ओसरला की आपोआप मिटायचे. वीज नाही, मोटर नाही, बटण दाबायला माणूस नाही. भिंत एक इंचही न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वर गेली. त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं होतं. एवढ्या कमी खर्चात एवढं पाणी! वाचताना मला टाळी वाजवावीशी वाटली.

टाळी वाजवून झाल्यावर दुसरी बाजू दिसते. पूर्वी ते वरचे आठ फूट पुरासाठी राखीव होते. पाहुणा आला तर असावी म्हणून ठेवलेली खोली. आता ती रोजच्या वापरात आली. जो जोर भिंतीला पूर आला की काही तास सोसावा लागायचा, तो आता महिनोन् महिने सोसायचा होता. उदाहरणादाखल, १०० फूट पाण्याऐवजी १०८ फूट पाणी उभं राहिलं तर एकूण जोर सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. आणि त्यातून दरवाजे वेळेवर उघडतील, हे एक नवं गृहीतक हिशोबात आलं.

भिंतीनं ते सगळं निभावलं. पुढची अठ्ठावन्न वर्षं.

१२ जुलै १९६१

त्या बुधवारी काय झालं, हे पुण्यात जवळजवळ प्रत्येक जुन्या घराला आपापल्या परीनं माहीत असतं. पण खूप जण 'पानशेत फुटलं' एवढंच म्हणतात. त्या दिवशी दोन धरणं फुटली. एक कोवळं, एक म्हातारं.

शहर वाढत होतं, पाणी कमी पडत होतं, म्हणून खडकवासल्याच्या वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण १९५७ पासून बांधलं जात होतं. त्यात ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी, १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी साठवायचं ठरलं. तोवर धरणाखालून पाणी बाहेर काढणाऱ्या नळमार्गाचं आणि त्याच्या दरवाज्यांचं काम पुरं झालेलं नव्हतं. पाऊस जोरदार आला. अर्धवट नळमार्गातून पाणी धडाधडा जायला लागलं, तो हादरू लागला आणि त्याच्या वरचा मातीचा भराव खचत चालला. मातीच्या धरणाचा नियम असा की पाणी त्याच्या माथ्यावरून जाता कामा नये. दगडी भिंत ते काही काळ सोसते, माती वाहून जाते.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान खचलेल्या भागावर वाळूची पोती रचत होते. त्यांनी रात्र काढली. सकाळी सातच्या सुमारास पानशेत फुटलं. ती रात्र निघाली नसती आणि पाणी अंधारात आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार करून आजी अजूनही हात जोडते.

पानशेतचं पाणी खडकवासल्याच्या तलावात येऊन आदळलं. ह्या दोन भांड्यांची मापं बघा. आजच्या आकड्यांत पानशेतची क्षमता १०.६५ टीएमसी आहे, खडकवासल्याची १.९७. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. मोठी घागर छोट्या लोट्यात ओतावी तसं ते झालं. पाणी भिंतीच्या माथ्यावरून वाहायला लागलं. ब्याऐंशी वर्षांची ती भिंत, जिच्या हिशोबात असला प्रसंग कधीच नव्हता, ती काही तास तशीच उभी राहिली. दुपारी तिला भगदाड पडलं.

आजी तेव्हा सोळा वर्षांची होती. "आधी कुणी तरी ओरडत गेलं, पाणी आलं पाणी आलं. आमच्या आबांना खरं वाटेना. नदीचं पाणी दरवर्षी थोडं यायचंच ना. मग बोळातनं पाणी आलं ते खालून नाही, समोरून आलं. भांडी तशीच टाकून आम्ही मंडईकडे पळालो." पाणी ओसरल्यावर घर शोधायला गेले तर घराच्या जागी चिखल. फुगून फुटलेली धान्याची पोती, त्यांचा आंबूस वास. हा वास तिला अजून येतो म्हणते, कुठेही ओली पोती दिसली की.

मग निसेन हट. अर्धगोल पत्र्याची घरं, उन्हाळ्यात भट्टी. मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, आणि सहकारनगरमधल्या पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था. आजचं निम्मं पुणं ज्या पत्त्यांवर राहतं त्यांतले कितीतरी पत्ते ह्या एका दिवसानं दिले आहेत. आणि एवढा पूर येऊन गेलेल्या शहरात नळाला पाणी नव्हतं, कारण ते देणारा तलावच रिकामा झाला होता. लोक वाड्यांतल्या जुन्या विहिरी उपसत होते.

चौकशी आयोग नेमला गेला. आधी न्यायमूर्ती बावडेकर, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक. घाई, अपुरं बांधकाम, धोक्याची वेळेवर न पोचलेली सूचना, ह्यांवर तेव्हा खूप लिहिलं-बोललं गेलं. बहुतेक बोट पानशेतकडे होतं आणि ते रास्तच होतं. पण मला खडकवासला जास्त शिकवून जातो. त्याचं स्वतःचं काही बिघडलं नव्हतं. त्याच्या वरच्या अंगाला एक नवी गोष्ट आली, आणि तिच्यात बिघाड झाला तर खाली ह्या भिंतीचं काय होईल, ह्याची तयारी झालेली नव्हती. जुनं धरण फुटायला त्याचं म्हातारपण पुरेसं नसतं. भोवतालचं जग बदलतं आणि हिशोब जुनाच राहतो, तिथे घात होतो.

साडेपंधरा तास

भगदाड बुजवलं, भिंत दुरुस्त झाली. पानशेत पुन्हा बांधलं. मोसे नदीवर वरसगाव आलं, मुठेवर टेमघर आलं. चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी. वरच्या तिन्हींचं पाणी खडकवासल्यात येतं आणि खडकवासल्यातून शहरात. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लहान धरण आता सगळ्यांच्या खाली, दारावर उभं आहे.

आणि दारावर उभं असल्यामुळे त्याला एक नवं काम लागलंय, जे त्याला कुणी कधी रीतसर दिलं नव्हतं. पूर आवरायचं. महानदीवरचं हिराकूड पूर अडवायच्या हेतूनं बांधलं, तशा धरणात पावसाळ्यात काही जागा मुद्दाम रिकामी ठेवायची असते. खडकवासल्याचं काम पाणी साठवण्याचं. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे त्याच्याकडे असंच बघतो की पूर येणार की नाही हे त्याच्या हातात आहे.

मी एक हिशोब केला. खडकवासला पूर्ण रिकामा आहे असं धरा, जे पावसाळ्यात जवळजवळ कधीच नसतं. त्यात सेकंदाला ३५ हजार घनफूट पाणी येतंय आणि आपण थेंबही सोडत नाही. तलाव किती वेळात भरेल? १९७ कोटी भागिले ३५ हजार. सुमारे साडेपंधरा तास. बस. आणि तो निम्मा भरलेला असेल तर आठ तासही नाहीत.

पावसाळ्याच्या सुरुवातीलाच धरण रिकामं का ठेवत नाहीत, असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी मान डोलवायचे. आता लक्षात येतं की पाऊस पाठ फिरवेल ह्या भीतीनं पाणी साठवावं लागतं आणि पाऊस कोसळेल ह्या भीतीनं सोडावं लागतं. किती तारखेला किती साठा असावा ह्याचं वेळापत्रक असतं, त्याला जलाशय परिचालन सूची म्हणतात. एका बाजूला मे महिन्यातला कोरडा नळ, दुसऱ्या बाजूला जुलैतला पूर. दोन्हींच्या मधली ही दोरी आहे.

त्यात धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुणाच्याच दरवाज्याला विचारत नाही. ओढे-नाले भरून सरळ नदीत येतात. आणि नदीत आपण घरं बांधली आहेत. नकाशावर निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. ह्या रेषा नकाशावर आखता येतात, पाण्याला त्या दिसत नाहीत.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं. विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला होता आणि शहरातही तुफान पाऊस होता. माझी ऑफिसमधली मैत्रीण तिथे राहते. तिला जाग आली ती खाली पार्किंगमध्ये गाड्यांचे अलार्म एकदम वाजायला लागल्यामुळे. ग्रुपवर मेसेज आला तेव्हा पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं. पुढे बचावाला लष्कर आलं. दुपारी मी आजीला सांगितलं तर ती इतकंच म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही आधी कुणी सांगितलं नाही."

भिंतीची तब्येत

धरण म्हातारं आहे की नाही हे नुसत्या वयावरून ठरत नाही, हे कळायला मला वेळ लागला. टेमघर ह्या चौघांतलं सगळ्यात तरुण. २०१६ मध्ये त्याच्या भिंतीतून एवढी गळती होत होती की गुन्हे दाखल झाले आणि पुढे सिमेंटचं मिश्रण दाबानं भिंतीत भरून ती कमी करावी लागली. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण तर याच शतकातलं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं झोपेत वाहून गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर दोष खेकड्यांवर टाकून झाला.

म्हणजे वय हा एक आकडा. खरी तब्येत बघायची तर इतर गोष्टी बघाव्या लागतात. गळती किती, आणि ते पाणी स्वच्छ आहे की गढूळ. गढूळ असेल तर ते आतून काही तरी घेऊन निघालंय. जुन्या चुन्याच्या भिंतीवर पांढरे ओघळ आहेत का, म्हणजे दगडांना धरून ठेवणारा चुना झिरपून बाहेर येतोय का. दरवाजे गंजलेत का, त्यांचे दोर, त्यांची रबरं कशी आहेत, वीज गेली तर जनरेटर चालू होतो का. तळाशी गाळ किती साठला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्यात मोठा पूर किती मानायचा, ह्याचा हिशोब नव्या पावसाच्या नोंदी घेऊन पुन्हा केला का.

कारण हा हिशोब चुकतो. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमध्ये मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण फुटलं, कारण आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेच्या कितीतरी पुढचा होता. दख्खनचं पठार भूकंपाच्या बाबतीत भक्कम, असं समजत होते. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेत भूकंप झाला, धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या आणि ते समजणं संपलं. ते धरण पुढे मजबूत केलं गेलं, आजही उभं आहे. गृहीतक चुकणं हा गुन्हा नाही. चुकलं हे कळल्यावर उघडून बघायचं असतं.

ही बघण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. मच्छूच्याच वर्षी केंद्रात धरण सुरक्षेचा विभाग आला. महाराष्ट्राची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासण्या होतात. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात, दोन हजारांहून जास्त. २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. पाच वर्षांच्या आत प्रत्येक मोठ्या धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा हवा, असं तो म्हणतो. म्हणजे धरणाला काही झालं तर पाणी कुठे, किती वेळात पोचेल आणि कुणाला कसं कळवायचं, हे आधी लिहून ठेवायचं.

हे सगळं कागदावर वाचून मला बरं वाटलं. मग ह्या जुलैत एका संध्याकाळी आजीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आज किती सोडलंय गं?" मी सांगितलं, साडेसात हजार. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"आणि भिंत कशीय?"

मी मोबाइल पुन्हा हातात घेतला. साठा किती टक्के, मिळालं. पाऊस किती मिलिमीटर, मिळालं. विसर्ग, तासातासाचा, मिळाला. गेल्या तपासणीत भिंतीत काय दिसलं, कुठली दुरुस्ती सांगितली होती, ती झाली का, आणि आमच्या सोसायटीपर्यंत पाणी पोचायला किती वेळ लागेल, हे मी तासभर शोधत होते. जे हाती लागलं ते कायदे आणि पत्रकं. आमच्या भिंतीबद्दलचं, आमच्या गल्लीबद्दलचं, मला वाचता येईल असं काही नाही.

आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला तर काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे लिहून सगळ्यांना वाचायला ठेवतात. त्यात फार तर कुणाचं पार्सल उशिरा पोचलेलं असतं. खडकवासल्याच्या खाली लाखो माणसं झोपतात. त्यांना भिंतीच्या तपासणीचं एक पान मराठीत, मोबाइलवर, दर पावसाळ्याआधी वाचायला मिळावं, ही मागणी मला तरी मोठी वाटत नाही. विसर्गाचा आकडा जसा रोज येतो, तसं.

"कळलं का?" आजीनं विचारलं.

"नाही गं. शोधते."

"शोध," ती म्हणाली. मग उठली आणि दरवर्षी पावसाळ्यात करते तसं खालच्या कपाटातला कागदपत्रांचा डबा काढून माळ्यावर ठेवायला मला दिला. तो पितळेचा. पानशेतच्या आधीचा.